काळ्या पावलांचा किनारा : सोमल, पाणी आणि हृदय

१/
मंडळी, आजचा धागा एका वाक्प्रचारापासून सुरू करू. जुन्या हस्तलिखित पोथ्या चाळताना मध्येच एखादे अक्षर किंवा आख्खी ओळ पिवळ्या लेपाखाली झाकलेली दिसते. तो लेप हरताळाचा असतो. लेखनिकाचा हात चुकला की त्या जागी हरताळ फासायचा आणि वर नवे अक्षर लिहायचे, अशी रीत होती. 'हरताळ फासणे' म्हणजे केलेले नाहीसे करणे, हा अर्थ तिथून आला. (दुकाने बंद ठेवण्याचा 'हरताळ' हा शब्द व्युत्पत्तीने निराळा.)

२/
हरताळ हे आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज. तांबडी मनशीळ हे त्याचे भावंड, आणि पांढरा सोमल हे आर्सेनिकचे सर्वांत कुप्रसिद्ध रूप. कथा-कादंबऱ्यांतला सोमल दुधात कालवला जातो आणि माणूस रातोरात मरतो. आजच्या धाग्यातला सोमल मात्र कुणी कालवलेला नाही. तो विहिरीच्या पाण्यात मुळातच विरघळलेला होता. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि तो मारायला वीस-तीस वर्षे घेतो.

३/
या संथ विषाने त्वचेवर ठेवलेल्या खुणा लवकर ओळखल्या गेल्या. हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर त्याने काय केले, हे उमगायला मात्र कितीतरी अधिक काळ लागला. कारण साधे आहे. हृदयविकाराने माणसे सगळीकडेच मरतात. जे मरण इतर मरणांसारखेच दिसते, त्याचे कारण शोधायचे कसे? हा प्रश्न वैद्यकाचा आहे, तितकाच दप्तराचा आणि साधनांचाही आहे. म्हणून तो इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वाचायला हवा.

४/
पहिले स्थळ : तैवानचा नैर्ऋत्य किनारा. बेइमेन, श्वेज्या, बुदाई, यिझू ही तिथली गावे. मिठागरांचा, मासेमारीचा आणि गरिबीचा हा प्रदेश. जमिनीत खार इतका की उथळ विहिरींचे पाणी तोंडात धरवत नसे. १८९५ ते १९४५ या काळात तैवानवर जपानची सत्ता होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून या भागात खोल आर्टेशियन विहिरी खणल्या जाऊ लागल्या. त्या १०० मीटरहून खोल, काही तर त्याच्या दुप्पट-अडीचपट खोल जात. पाणी गोडे आणि बारमाही. खाऱ्या मुलखाला आणखी काय हवे होते?

५/
काही वर्षांनी या गावांत एक विचित्र दुखणे दिसू लागले. आधी पायाची बोटे बधिर आणि थंड होत. मग थोडे चालले की पोटऱ्यांत कळा येत, थांबले की त्या ओसरत. पुढे बोटांची कातडी निळसर-काळी पडे, जखम होई, मांस सडे. वेदना इतकी की माणसाला रात्रभर झोप नाही. शेवटी बोटे आपोआप गळत किंवा पाय कापावा लागे. लोकांनी त्याला सरळ नाव दिले : 'काळ्या पायाचा रोग'. वैद्यकीय वाङ्मयातही तेच नाव रूढ झाले.

६/
रोगाचे तुरळक उल्लेख १९२०च्या दशकापासून आढळतात, पण त्याचा कहर झाला तो १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी याला शाप म्हटले, पूर्वजांच्या पापाचे फळ म्हटले. रुग्णाला घरातल्या कोपऱ्यात ठेवले जाई. रोग संसर्गजन्य नव्हता, पण कुष्ठरोग्याच्या वाट्याला जे येते ते सारे या माणसांच्या वाट्याला आले. त्यातही गरिबाच्या पायांवर घाला अधिक, कारण पाय गेला की मिठागरातली आणि शेतातली मजुरी गेली.

७/
या माणसांच्या बाजूने उभे राहिलेल्या एका डॉक्टरचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. वांग किंग-हो, जन्म १९१६, बेइमेनचेच भूमिपुत्र. वैद्यकीय शिक्षण जपानमध्ये, दवाखाना मात्र गावात. १९६० पासून त्यांच्या जागेत काळ्या पायाच्या रुग्णांसाठी मोफत उपचार सुरू झाले. मदतीला धर्मप्रसारक लिलियन डिक्सन यांची संस्था होती आणि शस्त्रक्रियेसाठी दुरून येणारे शल्यविशारद श्ये वेइ होते. पाय गमावलेल्यांना पोटापाण्याचे साधन मिळावे म्हणून तिथे हस्तव्यवसायही शिकवला जाई.

८/
कापलेले अवयव वांग यांनी फॉर्मॅलिनच्या बरण्यांत जपून ठेवले. आज तो दवाखाना स्मारक-संग्रहालय झाला आहे. ज्या विषाने माणसांची मरणे साध्या मरणांत मिसळून टाकली, त्या विषाविरुद्धचा हा एक पुरावा मात्र नजरेआड करता येत नाही. श्ये वेइ १९७० साली रुग्णांकडे जात असताना अपघातात वारले. वांग २०१४ पर्यंत जगले.

९/
आता कारणाच्या शोधाकडे वळू. राष्ट्रीय तैवान विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक चेन कुंग-पेइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून साधा प्रश्न विचारला : तुम्ही पाणी कुठले पिता? १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रोग आणि खोल विहिरींचे पाणी यांची सांगड स्पष्ट दिसली. एकाच प्रदेशात, एकाच जातकुळीची, एकच अन्न खाणारी माणसे. पण रोग खोल विहिरीभोवती दाटलेला.

१०/
१९६०च्या दशकात त्सेंग वेन-पिंग आणि सहकाऱ्यांनी ३७ गावांतल्या ४०,४२१ माणसांची घरोघर तपासणी केली. त्वचेच्या कर्करोगाचे ४२८ रुग्ण आणि काळ्या पायाचे ३६० रुग्ण सापडले. पाण्यातील आर्सेनिक काही ठिकाणी लिटरला १.८२ मिलिग्रॅमपर्यंत होते. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे कमाल आकडा तिच्या १८२ पट. तुलनेसाठी आर्सेनिकमुक्त पाणी पिणाऱ्या सुमारे ७,५०० लोकांची तपासणी झाली, तेव्हा त्यांत यांपैकी एकही रुग्ण आढळला नाही.

११/
इथे थोडे थांबू. पाय का सडत होता? कारण पायाच्या धमन्या बुजत होत्या. कापलेल्या पायांच्या तपासणीत रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या आणि पोकळी आक्रसलेली आढळली. पण शरीरातल्या धमन्या काही पायापुरत्या नसतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचे अस्तर त्याच जातीचे, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांचेही तेच. तेच रक्त, तेच विष. मग हृदयाचे काय होत असेल, हा प्रश्न त्या सडलेल्या अंगठ्यातच दडलेला होता.

१२/
याचा एक जुना इशारा युरोपात मिळून चुकला होता. जर्मनीतील द्राक्षबागायतदार बागांवर आर्सेनिकयुक्त कीटकनाशके फवारत. द्राक्षांच्या चोथ्यापासून बनवलेली घरगुती हलकी वाइन ते रोज पीत, तीतून हे विष पोटात जाई. १९४० च्या सुमारास बुत्झेनगायगर या वैद्याने अशा बागायतदारांच्या हातापायांतील रक्ताभिसरणाचे दोष नोंदवले. १९४९ साली त्यानेच त्यांच्या हृदयाच्या विद्युत्-आलेखातील बिघाडही मांडला. नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना द्राक्षबागांचा हा संदर्भ अधिक जवळचा वाटेल.

१३/
दुसरे स्थळ : चिलीच्या उत्तरेचे बंदर, अँटोफगास्टा. पाठीमागे अटाकामाचे वाळवंट, जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. पावसाची आशाच नाही, त्यामुळे शहराचे पाणी दूर अँडीज पर्वतातून नळाने येते. वाढत्या शहराची तहान भागवण्यासाठी १९५८ साली टोकोन्से नदीचे पाणी आणले गेले. ज्वालामुखींच्या प्रदेशातून वाहणाऱ्या त्या पाण्यात आर्सेनिक भरपूर होते. नळाच्या पाण्यातील प्रमाण लिटरला सुमारे ०.०९ मिलिग्रॅम होते, ते एकदम सुमारे ०.८७ वर गेले.

१४/
१९७० साली शुद्धीकरण प्रकल्प सुरू झाला आणि हे प्रमाण झपाट्याने खाली आले. म्हणजे लाखाच्या वर वस्तीचे एक आख्खे शहर सुमारे बारा वर्षे तेच विषारी पाणी प्याले. आधीची तारीख ठाऊक, नंतरची तारीख ठाऊक. वाळवंटात दुसरे पाणीच नसल्याने कोण किती प्याले याबद्दल फारसा संभ्रमही नाही. कुठल्याही शास्त्रज्ञाने असा प्रयोग मुद्दाम केला असता तर त्याला तुरुंगात जावे लागले असते. इथे तो पाणीपुरवठ्याच्या सद्हेतूने घडला.

१५/
पहिली हाक मुलांकडून आली. १९७४ साली रोझेनबर्ग यांनी तिथल्या पाच बालकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात साऱ्या शरीरातील धमन्यांचे अस्तर जाड झालेले होते. वृद्धापकाळी अपेक्षित असलेली अवस्था लहान मुलांच्या धमन्यांत! हृदयविकाराच्या झटक्याने दगावलेल्या मुलांची उदाहरणेही त्या शहरातून नोंदली गेली. मूल तंबाखू ओढत नाही, मद्य पीत नाही, कार्यालयाचा ताण सोसत नाही. हृदयविकाराची नेहमीची सारी कारणे इथे आपोआप बाद होत होती.

१६/
पण पाच मुले म्हणजे शहर नव्हे. शहराचा हिशेब लागला तो २००७ साली. संशोधकांनी १९५० ते २००० या पन्नास वर्षांच्या सरकारी मृत्युनोंदी उघडल्या. अँटोफगास्टाचा प्रांत आणि आर्सेनिक नसलेला चिलीचाच दुसरा प्रांत यांची तुलना केली. हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू नवे पाणी आल्यानंतर लवकरच वाढलेले दिसले. फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामागून, बऱ्याच वर्षांनी वर चढले. त्या विषारी काळात आणि त्यानंतर लगेच जे जादा मृत्यू झाले, त्यांत हृदयविकाराचा वाटा सर्वांत मोठा होता.

१७/
या निष्कर्षाचे महत्त्व लक्षात घ्या. आर्सेनिक म्हणजे कर्करोग, ही समजूत पक्की झाली होती, कारण कर्करोगाची चर्चा आधी झाली. प्रत्यक्षात त्या शहरात हृदय आधी थांबत होते. ज्या वर्षी एखादा चाळिशीतला कामगार छातीत कळ येऊन गेला, त्या वर्षी त्याच्या दाखल्यावर डॉक्टरने प्रामाणिकपणे 'हृदयविकाराचा झटका' असेच लिहिले असेल. त्यात खोटे काहीच नव्हते. पण पाण्याचे नाव त्या कागदावर येणे शक्यच नव्हते. एकेका दाखल्यात न दिसणारे कारण हजारो दाखले शेजारी ठेवल्यावर दिसले.

१८/
तैवानमध्येही हेच घडले, आणि तिथे दप्तर आणखी जुने होते. जपानी सत्तेने विसाव्या शतकाच्या आरंभी घराघराची नोंदवही घातली. कर, पोलीस आणि नियंत्रण हे तिचे हेतू. लोकांचे भले हा त्यांत अग्रक्रम नव्हता. पण जन्म, स्थलांतर आणि मृत्यू यांची नोंद ठेवण्याची ती शिस्त सत्तांतरानंतरही टिकली. पुढे साथरोगतज्ज्ञ चेन च्येन-रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या नोंदींचा मोठा आधार मिळाला. (हेच चेन २०१६ ते २०२० तैवानचे उपराष्ट्राध्यक्ष आणि २०२३-२४ मध्ये पंतप्रधान होते.)

१९/
१९९५ साली या गटाने दाखवले की त्या गावांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण अधिक आहे आणि आयुष्यभरात पोटात गेलेल्या आर्सेनिकबरोबर ते वाढत जाते. १९९६ साली ६० गावांचा अभ्यास आला. जन्मापासून ७९ वर्षांपर्यंत हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मरण्याची संचित शक्यता विहिरीच्या पाण्यानुसार अशी होती :
लिटरला ०.१ मिलिग्रॅमहून कमी आर्सेनिक : ३.४ टक्के
०.१ ते ०.३४ : ३.५ टक्के
०.३५ ते ०.५९ : ४.७ टक्के
०.६ आणि अधिक : ६.६ टक्के

२०/
हे चार आकडे नीट पाहा. पहिल्या दोन गटांत जवळजवळ फरक नाही, पण पुढे विष वाढते तसे मरण वाढते. कारण-परिणामाच्या वादात अशा चढत्या पायऱ्यांना मोठे वजन असते. वाद झाला नाही असे नव्हे. काही जैवरसायनशास्त्रज्ञांनी याच विहिरींच्या पाण्यातील ह्यूमिक द्रव्यांवर, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांपासून बनलेल्या रसायनांवर, बोट ठेवले. पाय काळा पडण्यात त्यांचा हात असू शकतो. पण चिलीतल्या डोंगरी नदीचे पाणी अगदी वेगळ्या जातीचे, आणि हृदयावरचा घाव तिथेही तोच. दोन्ही पाण्यांत समान होते ते आर्सेनिक.

२१/
एक दिलासाही त्याच नोंदींत सापडला. तैवानच्या त्या भागात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू नळाचे पाणी पोहोचले. त्यानंतर हृदयविकाराने होणारे मृत्यू उतरू लागले, पण लगेच नाही. हा उतार स्पष्ट व्हायला सुमारे १७ ते २० वर्षे गेली. विहीर बंद करण्याचा निर्णय एका दिवसात होतो, धमनीच्या भिंतीला सावरायला अर्धी पिढी लागते. धोरणे पाच वर्षांच्या हिशेबाने आखली जातात, तेव्हा या आकड्याची आठवण ठेवावी.

२२/
विष नेमके काय करते? धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराचे काम रक्तवाहिनी सैल ठेवण्याचे आणि रक्त गोठू न देण्याचे असते. आर्सेनिक या पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण आणते, धमनी सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा तुटवडा पाडते आणि दाह धुमसत ठेवते. शिवाय ते हृदयाच्या विद्युत्-लयीत ढवळाढवळ करते. हे शेवटचे तर रुग्णालयातही दिसते. रक्ताच्या एका कर्करोगावर आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमलच, औषध म्हणून देतात. तो देताना रुग्णाच्या हृदयाच्या आलेखावर सतत लक्ष ठेवावे लागते.

२३/
तिसरे स्थळ आपल्या उपखंडातले : गंगेचा त्रिभुज प्रदेश. तळी आणि ओढे यांचे पाणी पिऊन मुले अतिसाराने मरत होती. १९७०च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकारांनी नलिकाकूपांचा धडाका लावला. अतिसारापासून वाचण्याचा तो मार्ग होता आणि तो मनापासून आखलेला होता. पण हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या संयुगांना चिकटलेले आर्सेनिक होते. खोलवर प्राणवायू नाही. सेंद्रिय द्रव्यावर जगणारे सूक्ष्मजीव तिथे ती लोहसंयुगे विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात मोकळे होते.

२४/
१९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे तळहात-तळपायांवर खडबडीत गाठी आणि अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेले रुग्ण आले. त्यांनी ते दुखणे ओळखले. जादवपूर विद्यापीठाचे दीपांकर चक्रवर्ती यांनी पुढे गावोगावचे पाणी तपासून या प्रश्नाचा नकाशा मांडला. बांगलादेशात १९९३ साली पहिल्यांदा विहिरींत आर्सेनिक सापडले. २००० साली ॲलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात याला इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे ३.५ ते ७.७ कोटी लोक धोक्यात होते.

२५/
तिथे सुमारे ५० लाख नलिकाकूप तपासले गेले. सुरक्षित पंपांना हिरवा आणि विषारी पंपांना लाल रंग दिला गेला. लाल झालेल्यांची संख्या १४ लाखांवर गेली. लाल पंप दारात आणि हिरवा पंप दुसऱ्याच्या अंगणात, हे तिथल्या बाईचे रोजचे गणित झाले. दुसऱ्याच्या अंगणात घागर घेऊन जायचे म्हणजे ओळख हवी, मान हवा, कधी भांडण सोसण्याची तयारी हवी. पाण्याचा प्रश्न केवळ रसायनाचा नसतो, हे आपल्याकडच्या पाणवठ्यांचा इतिहास वाचलेल्यांना निराळे सांगायला नको.

२६/
ढाक्याजवळच्या आराइहजार भागात २००० सालापासून हजारो माणसांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. इथे अडचण अशी की गावात बहुतेक मरणे घरी होतात आणि कारणाचा दाखला नसतो. मग प्रशिक्षित माणसे मृताच्या घरच्यांना शेवटच्या दिवसांबद्दल ठरावीक पद्धतीने विचारतात : छातीत दुखत होते का? दम लागत होता का? एक बाजू लुळी पडली होती का? या उत्तरांवरून डॉक्टर कारण ठरवतात. मौखिक इतिहासाचीच ही एक कडक, शिस्तबद्ध शाखा म्हणावी.

२७/
११,७४६ जणांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. लिटरला १२ मायक्रोग्रॅमहून कमी आर्सेनिक असलेले पाणी पिणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी दर लाख व्यक्ती-वर्षांमागे २१४.३ मृत्यू झाले. त्याहून अधिक आर्सेनिक पिणाऱ्यांत हा आकडा २७१.१ होता. धूम्रपान करणाऱ्यांत हृदयाचा धोका नुसत्या बेरजेहून अधिक वाढलेला दिसला. आराइहजारचे पाणी तैवानच्या मानाने पुष्कळ सौम्य होते, तरीही फरक दिसलाच.

२८/
अमेरिकेत ॲरिझोना, ओक्लाहोमा आणि डकोटा भागांतील मूळनिवासी समाजांचे १९८९ ते १९९१ दरम्यान घेतलेले मूत्राचे नमुने जपून ठेवलेले होते. त्यांतले आर्सेनिक मोजून २०१३ साली त्याचा हृदयविकाराशी संबंध मांडला गेला. २०२३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने शिसे आणि कॅडमियमबरोबर आर्सेनिकलाही हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे धोकाकारक म्हणून अधिकृत निवेदनात स्थान दिले. अत्यल्प प्रमाणात धोका नेमका किती, यावर चर्चा अजून चालू आहे.

२९/
आता नियमांची तारीखवार बघा. जागतिक आरोग्य संघटनेने १९५८ साली लिटरला ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा दिली, १९६३ साली ती ०.०५ केली आणि १९९३ साली ०.०१. म्हणजे १९५८ साली टोकोन्सेचे पाणी नळात सोडले गेले, तेव्हाच्या सैल मापानेही ते चौपटीहून अधिक विषारी होते. त्या वेळी अज्ञान होते, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येत नाही. मोजण्याचे माप हातात होते.

३०/
महाराष्ट्राचा धागा इथे थोडा जुळतो. त्याच युनिसेफने त्याच दशकांत आपल्याकडेही विंधन विहिरी आणि हातपंप यांना हात दिला. देशभर गेलेल्या 'इंडिया मार्क-टू' या हातपंपाची वंशावळ जालना आणि सोलापूर इथे बनलेल्या पंपांपर्यंत पोहोचते. उद्देश तोच होता, घाई तीच होती. पण खाली हिमालयाचा गाळ नव्हता, दख्खनचा काळा कातळ होता. त्यामुळे बंगालचे संकट आपल्यावर त्या रूपात आले नाही. यात शहाणपणापेक्षा भूगर्भाची कृपा अधिक. फ्लोराइडचा प्रश्न इथेही आहेच. आणि राज्याच्या पूर्व सीमेपलीकडे, छत्तीसगडच्या चौकी परिसरात, आर्सेनिकचे पाणी सापडलेले आहे.

३१/
या साऱ्यात खलनायक शोधायला गेलो तर हाती फारसे लागत नाही. जपानी अधिकारी, चिलीचे अभियंते, युनिसेफचे कार्यकर्ते, सर्वांना गोडे पाणीच द्यायचे होते. दोष शोधायचाच तर तो 'पाणी स्वच्छ दिसते, म्हणजे स्वच्छ आहे' या विश्वासात शोधावा. जंतूंची भीती ज्या पिढीला शिकवली गेली, तिला कातळातल्या विषाची शंका आली नाही. आणि चूक झाल्यावर ती कुणाच्या पायावर, कुणाच्या छातीवर उमटते, हे प्रत्येक वेळी गरिबीने ठरवले. आराइहजारचा शेतमजूर असो वा बेइमेनचा मिठागरातला कामगार, दुसरे पाणी विकत घेण्याची सोय त्याच्याकडे नव्हती.

३२/
शेवटी साधनांविषयी. वसाहती सत्तेची नोंदवही, चिलीचे मृत्युदाखले, बांगलादेशातल्या कुटुंबांच्या आठवणी आणि अमेरिकेतले गोठवलेले नमुने, या चार तऱ्हेच्या दप्तरांनी मिळून हृदयाची गोष्ट सांगितली. आपल्याकडे ब्रिटिश आमदनीत गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी होत. त्यांतली कारणे म्हणजे पटकी, देवी, प्लेग, ताप, आमांश, आणि उरलेले सारे 'इतर'. गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक आज आपण जातीच्या दाखल्यासाठी शोधतो, हवे ते नाव मिळाले की वही मिटतो. पुढच्या वेळी तिच्यातला 'इतर' हा रकानाही वाचा. किती माणसे त्यात आहेत, कोणत्या वाडीची आहेत, कुठल्या विहिरीवर पाणी भरत होती, हे टिपून ठेवा. तुमच्या तालुक्यातल्या अशा नोंदी कुणी पाहिल्या असतील तर प्रतिसादात जरूर लिहा.

धागा समाप्त.